शंभर मिलिवॅटची भीती

गेल्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनात आमच्या नववीच्या दोन मुलांनी एक छोटी पेटी मांडली होती. प्रदर्शन कुठले आणि ते कोणी भरवले होते, हे सांगणार नाही. मला कोणा एका माणसाशी भांडायचे नाही. पेटीशेजारी फिलिप्सचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ होता. दोघांपैकी एकाचे वडील मेहरूण-तांबापुरा भागात हातगाडीवर भंगार गोळा करतात, त्यांच्याकडे तो किलोच्या भावाने आला होता. मुलांनी तो पुसला, आम्ही तिघांनी मिळून त्याचे गळके कंडेन्सर बदलले. समोर जाड कागदाचे कार्ड होते, मराठीत आणि उर्दूत : ‘जुन्या रेडिओसाठी घरगुती ए. एम. ट्रान्समीटर’.

संयोजकांपैकी एक गृहस्थ आले. त्यांनी कार्ड वाचले, खाली मुलांची नावे वाचली आणि मला हळूच बाजूला घेतले. “सर, बाकी सगळं उत्तम आहे. फक्त तेवढा ट्रान्समीटर शब्द काढा. उर्दू कार्डही नको. कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला तर त्रास तुम्हालाच होईल. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय.”

माणूस वाईट नव्हता, त्याच्या आवाजात खरी काळजी होती. मी कार्ड काढले आणि नव्या कार्डावर ‘रेडिओ मॉडेल’ असे दोनच शब्द लिहिले. संध्याकाळी सामान आवरताना तो मुलगा मला म्हणाला, “सर, हमने कुछ गलत किया क्या?” मी म्हणालो, “नहीं बेटा, चलो, उशीर झालाय.”

मी मास्तर आहे. मुलाने सरळ प्रश्न विचारला आणि मी त्याला घड्याळ दाखवले. त्याचे उत्तर आज देतो आहे. ते त्याच्यासाठी आहे, त्या गृहस्थांसाठी आहे आणि आपल्या मोहल्ल्यातल्या त्या सगळ्या शहाण्या माणसांसाठी आहे, ज्यांनी नंतर मला सांगितले की मी केले तेच योग्य होते. मी केले ते योग्य नव्हते.

पेटीत होते काय?

ज्या वस्तूला इतके घाबरायचे, ती आधी पाहून तरी घ्या. चार पायांचा एक चौकोनी धातूचा डबा असतो, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. त्याला क्रिस्टल ऑसिलेटर म्हणतात. पाच व्होल्ट दिले की तो एका सेकंदात दहा लाख वेळा वर-खाली होणारा विद्युतप्रवाह तयार करतो, म्हणजे १००० किलोहर्ट्झ. रेडिओच्या मीडियम वेव्हच्या पट्टीवर हा आकडा साधारण मधोमध येतो. या प्रवाहाला स्वतःचा आवाज नसतो. तो आवाज वाहून नेणारा हमाल समजा. आता त्याच्या पाठीवर आवाज ठेवायचा. त्यासाठी जुन्या ट्रान्झिस्टरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याच्या एका बाजूला मोबाइलचा हेडफोनचा आवाज द्यायचा आणि दुसरी बाजू ऑसिलेटरच्या पाच व्होल्टच्या तारेत मध्येच जोडायची. गाण्याच्या चढउताराबरोबर ते पाच व्होल्ट थोडे कमी-जास्त होतात आणि लहरीची उंचीही तशीच कमी-जास्त होते. उंचीतल्या या बदलालाच ए. एम. म्हणतात. शेजारचा रेडिओ १००० वर लावला की मोबाइलमधले गाणे व्हॉल्व्हच्या गरम, जाड आवाजात ऐकू येते.

ताकद मोजा. पाच व्होल्ट गुणिले वीस मिलिअँपिअर म्हणजे शंभर मिलिवॅट, एका वॅटचा दहावा भाग. आपल्या जळगाव आकाशवाणीचे ९६३ किलोहर्ट्झचे मीडियम वेव्ह केंद्र वीस किलोवॅटचे. म्हणजे आमची पेटी त्याच्या दोन लाखाव्या हिश्शाची. तेही सगळे हवेत जात नाही. १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी तीनशे मीटर असते. तिला नीट हवेत सोडायचे तर पंचाहत्तर मीटर उंच मनोरा लागतो. तीन मीटरची तार जोडली तर ती लहरीच्या शंभराव्या भागाइतकी होते, आणि अशा तारेतून शक्तीचा अगदी किरकोळ अंश बाहेर पडतो. आम्ही तर प्रदर्शनात तारही लावली नव्हती. कार्डबोर्डवर गुंडाळलेले तारेचे वेटोळे रेडिओच्या मागे वीतभर अंतरावर ठेवले होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा रेडिओ नेला की आवाज क्षीण व्हायचा.

आता तुमच्या खिशातला मोबाइल काढा. टॉवर लांब असला की फोर-जीचा फोन दोनशे मिलिवॅटपर्यंत शक्ती बाहेर टाकतो. त्या संयोजक गृहस्थांच्या खिशात आमच्या पेटीच्या दुप्पट ताकदीचा ट्रान्समीटर होता आणि त्याच्यावरच त्यांना पेटीचा फोटो ‘ग्रुपवर’ जाण्याची भीती होती.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपण फक्त ‘ऐकायचा’ रेडिओ म्हणतो, तो सुपरहेटरोडाइन रेडिओ स्वतःच एक छोटा ट्रान्समीटर असतो. त्याच्या पोटात एक ऑसिलेटर चालू असतो, स्टेशनच्या आकड्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झने वर. एक रेडिओ जळगावच्या ९६३ वर लावा. त्याच्याजवळ दुसरा रेडिओ १४१८ च्या आसपास, एखादे क्षीण स्टेशन येत असेल तिथे धरा आणि पहिल्याचे बटण हळूहळू फिरवा. दुसऱ्यात शिट्टी वाजेल. आपल्या आजोबांच्या घरात हा ‘ट्रान्समीटर’ तीस-तीस वर्षे वाजत होता. आणि पूर्वीच्या प्रत्येक चांगल्या रेडिओ मेकॅनिकच्या टेबलावर सिग्नल जनरेटर असायचा, ज्याच्या जोरावर तो सेटची आय. एफ. जुळवायचा. तो म्हणजे आमचीच पेटी, फक्त कंपनीच्या डब्यात. मेकॅनिकला कोणी देशद्रोही म्हटले नाही. लोक त्याला मिस्त्री म्हणायचे आणि चहा पाजायचे.

“मोबाइल आहे ना, मग हा खटाटोप कशाला?”

हा पहिला आक्षेप, आणि तो आपल्याच घरातून येतो. माझ्या अब्बांचा बुश रेडिओ फळीवर आहे. अब्बा शिलाईकाम करायचे. मशीनच्या खडखडाटाच्या वर ऐकू यावे म्हणून त्याचा आवाज मोठा असायचा. दुपारी विविध भारती, रात्री आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस, सकाळी जळगाव केंद्राच्या मराठी बातम्या. माझी मराठी आधी त्या फळीवरून माझ्या कानात आली, शाळेत ती नंतर आली. आज मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, त्यात त्या रेडिओचा वाटा डी.एड., बी.एड.पेक्षा कमी नाही.

अशा सेटवर आज ऐकायला फारसे उरलेले नाही. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत देशातली बरीच मीडियम वेव्ह प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली. सगळा भर एफ.एम.वर आणि मोबाइल अॅपवर गेला, आणि आपल्या जुन्या सेटला एफ.एम.ची पट्टीच नाही. जे काही येते तेही एल.ई.डी. दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या खरखरीत बुडते. मग लोक म्हणतात, रेडिओ बिघडला, आणि तो भंगारवाल्याला देतात. रेडिओ शाबूत आहे, त्याच्याशी बोलणारे कोणी राहिलेले नाही.

“मोबाइलची वायर रेडिओला मागून जोडा की,” असेही सांगतात. कृपा करून हे करू नका. जुन्या स्वस्त सेटांपैकी पुष्कळ ए.सी./डी.सी. जातीचे होते. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी थेट घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की पूर्ण चासीवर २३० व्होल्ट. मागचे झाकण हरवलेल्या अशा सेटला हेडफोनची वायर जोडणे म्हणजे हातातला मोबाइल विजेला जोडणे. आमची पेटी त्या रेडिओला कुठेच चिकटत नाही. मधे हवा असते, म्हणून मुलांच्या हाती द्यायला तीच पद्धत सुरक्षित. सेटचे पोट उघडायचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. प्लग काढल्यावरही आतले कंडेन्सर झटका देतात.

पण खटाटोपाचे खरे कारण वेगळे आहे. आपल्या मुलांचा हात. गोलाणी मार्केटमध्ये जाऊन पाहा, मोबाइल उघडून सोल्डरिंग करणारी किती पोरे आपली आहेत. डिस्प्ले बदलतील, चार्जिंगचा पॉइंट बदलतील, हात सफाईने चालतो. पण विचारा, हा आयसी काय करतो? “मालूम नहीं सर, बस बदल देते हैं.” हुनर आहे, पण त्याला तालीम जोडलेली नाही. आणि आमच्या वर्गात तालीम आहे, पण तिला हात जोडलेला नाही. तिथे मुले वारंवारतेची व्याख्या पाठ करतात. उर्दू पुस्तकात ती तअद्दुद असते, मराठीत वारंवारता, दुकानात फ्रिक्वेन्सी. तीन शब्द पाठ, वस्तू एकदाही पाहिलेली नाही.

या पेटीने एका आठवड्यात जे शिकवले, ते मी सांगतो. मुलांना १००० वर आवाज मिळाला, पण रात्री त्यात एक बारीक शिट्टी मिसळायची. का? आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशने नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली आहेत : ५५८, ९६३, १०४४, सगळ्यांना नऊने भाग जातो. १००० ला जात नाही. शेजारी ९९९ आहे, आणि रात्री दूरची स्टेशने आकाशातल्या वरच्या थरावर आदळून परत येतात. ९९९ आणि १००० यांच्यातला फरक एक किलोहर्ट्झ, तीच शिट्टी. हे उत्तर मी दिले नाही. भंगारवाल्याच्या मुलाने कागदावर नऊचा पाढा मांडून ते शोधले. मग त्याने विचारले, ही लहर चौकोनी आहे तर ती ३००० वर आणि ५००० वरही सांडत असेल का? हो, सांडते. म्हणून शेवटी कॉइल आणि कंडेन्सरची गाळणी लावावी लागते, शेजाऱ्याच्या शॉर्टवेव्हवर आपली घाण जाऊ नये म्हणून. गाळणी लावली. विज्ञानाबरोबर शेजारधर्मही शिकून झाला.

या मुलाचे कार्ड मी काढायला लावले.

“पण कायद्याचं काय?”

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. आपल्या देशात वायरलेसचा कायदा जुना आणि कडक आहे. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा हक्क सरकारच्या हाती ठेवला. १९३३ च्या वायरलेस कायद्याने परवान्याशिवाय असे उपकरण नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. २०२३ चा दूरसंचार कायदा या दोघांची जागा घेण्यासाठी आला, पण त्याचाही पाया तोच, आधी परवानगी, मग वापर. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. ट्रान्समीटर बनवून मोहल्ल्याला गाणी ऐकवणे हा खेळ नाही. ज्याला दूरवर बोलायचे आहे त्याने हॅम रेडिओची परीक्षा द्यावी. बारा वर्षांवरची मुले ती देऊ शकतात. भूजच्या २००१ च्या भूकंपात फोन बंद पडले तेव्हा हे हॅमवालेच निरोप पोहोचवत होते. फक्त हॅमच्या परवान्यावर गाणी वाजवता येत नाहीत, त्यामुळे जुन्या रेडिओचा प्रश्न त्याने सुटत नाही.

पण कायदा पाळणे वेगळे आणि कायद्याच्या मुळाशी असलेली भीती पवित्र मानणे वेगळे. ही भीती कोणाची होती, ते पाहा. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबच्या हौशी लोकांनी प्रक्षेपण केले, तेव्हा सरकारी रेडिओ जन्मालाही आला नव्हता. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले ते २३ जुलै १९२७ ला. म्हणजे या देशात रेडिओ हौशी माणसांनी आणला, सरकार मागून आले. पुढे १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. आज या जागेवरून, उद्या त्या जागेवरून. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी त्यांना गिरगावात पकडले आणि उषाबेन तुरुंगात गेल्या. त्या काळी ट्रान्समीटर हा शब्द सरकारला का नको होता, हे कळते. परक्या सरकारला प्रजेच्या आवाजाची भीती होती. आज आपण शाळेच्या पुस्तकात उषा मेहतांचा धडा अभिमानाने शिकवतो आणि त्याच शाळेच्या टेबलावरून ट्रान्समीटर शब्द खोडतो.

स्वातंत्र्यानंतरही सवय गेली नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार, हेतू चांगला. त्यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केले. लोकांनी काय केले? रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानी मुंबईत बसून गीतमाला ध्वनिमुद्रित करायचे, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून ती भारताच्या घराघरात परत यायची. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ऐकणाऱ्यांवर विश्वास ठेवला नाही की ऐकणारे दुसऱ्याच्या दारात जातात, एवढे त्या पाच वर्षांत सिद्ध झाले. सयानीसाहेब फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, तेव्हा सगळ्या देशाने त्यांना आपले म्हटले. तो आवाज एका मुसलमान घरातला होता, हे मुद्दाम सांगायची वेळ माझ्यावर यावी याचे वाईट वाटते.

मग १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात स्पष्ट केले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या खासगी मालकीच्या नाहीत आणि बाजाराच्याही नाहीत. नियमन हवे, पण ते लोकांच्या हितासाठी. त्याच वाटेने पुढे कम्युनिटी रेडिओ आला. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही परवाना मिळू लागला आणि साताऱ्यात म्हसवडला माणदेशी बायकांचा रेडिओ बोलू लागला. पण कम्युनिटी रेडिओ एफ.एम.वर आहे आणि त्यासाठी संस्था, मनोरा, निधी, मंजुऱ्या लागतात. अब्बांच्या बुशला त्याचा उपयोग नाही.

त्याच २००६ मध्ये बिहारच्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने स्वस्तातला एफ.एम. ट्रान्समीटर जोडून सगळ्या परिसराला गाणी, हरवलेल्यांच्या बातम्या आणि एड्सची माहिती ऐकवली. ते परवान्याशिवाय होते, प्रशासनाने बंद केले. कायद्याने ते बरोबर होते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बंद करताना कोणी त्याला म्हटले का, की बाबा, तुझ्या हातात कला आहे, ये, हा अर्ज भर, हा अभ्यासक्रम कर? दार बंद करणारा माणूस पगारी असतो, पण दार दाखवणारा माणूस नेमायचा राहूनच जातो.

अमेरिकेकडे पाहा. तिथल्या नियमांच्या पंधराव्या भागात सरळ लिहिले आहे : मीडियम वेव्हवर शेवटच्या टप्प्याला शंभर मिलिवॅटपेक्षा जास्त शक्ती नको, तार आणि अर्थिंग मिळून तीन मीटरपेक्षा लांब नको, कोणाला अडथळा नको. एवढे पाळा, परवाना लागत नाही. शाळकरी मुलालाही समजेल असा नियम. आणि तिथे या मर्यादेतल्या पेट्यांमुळे सरकार कोसळलेले नाही.

आपल्याकडे असे काही अशक्य आहे का? मुळीच नाही. २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणून आज घरोघरी वायफाय आहे. वायफायचा राउटर हाही ट्रान्समीटरच. २०१८ मध्ये अतिअल्प शक्तीच्या उपकरणांसाठीही सवलतीचे नियम निघाले. म्हणजे सरकारला तत्त्व मान्य आहे. पण ते नियम राजपत्राच्या इंग्रजीत, कोष्टकांत आणि डेसिबलांत आहेत. जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक ते वाचून छातीठोकपणे सांगू शकेल का, की नववीच्या मुलांनी ही पेटी मांडली तर चालेल? नाही सांगू शकत. आणि जिथे नियम कळत नाही, तिथे माणूस नाव वाचून निर्णय घेतो.

नावाचा प्रश्न

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या दिवशी संयोजकांनी कार्ड वाचले आणि मग खाली नावे वाचली, हे मी वर लिहिले आहे. हेच कार्ड दुसऱ्या नावांच्या मुलांचे असते तर? कदाचित तरीही हरकत आली असती. कदाचित ‘बाल शास्त्रज्ञ’ म्हणून फोटो छापून आला असता. मी शपथेवर सांगू शकत नाही. पण खात्री न वाटणे, हीच आपली आजची अवस्था आहे. आपल्यातल्या ज्यांना हे कळत नाही अशा मराठी मित्रांना मी विनंती करतो की एकदा कल्पना करा : मुलाने विज्ञानाची पेटी केली आणि बापाच्या मनात पहिला विचार बक्षिसाचा न येता पोलीस चौकीचा आला.

ही भीती खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. खोटी असती तर मी कार्ड काढले नसते. पण तिची किंमत आपण मोजलेली नाही. आपण मुलाला सांगतो, इलेक्ट्रॉनिक्स नको, केमिस्ट्रीचे सामान घरी आणू नको, ड्रोन नको, नकाशा नको, वायरलेस तर नकोच. मग उरते काय? डिस्प्ले बदलणे. आणि दहा वर्षांनी आपणच मंचावर उभे राहून विचारतो की आपल्या समाजातून इंजिनिअर, शास्त्रज्ञ का निघत नाहीत. त्यांना नववीत कार्ड काढायला लावणारे आपणच होतो. संशय घेणाऱ्याने एकदा संशय घेतला असेल, आपण रोज स्वतःवर घेतो.

आपल्याच काही बुजुर्गांचा आणखी एक आक्षेप आहे : गाणीबजावणीसाठी हा वेळ आणि पैसा का? त्यांना माझे अदबीने सांगणे आहे की पेटीला गाणे आणि बातमी यातला फरक कळत नाही. त्यात तुम्ही बातम्या लावा, गझल लावा, आईच्या आवाजात मुलाचा धडा लावा. फार तर माझ्या सोबतीला अब्बांच्या आवडीचे एखादे जुने गाणे असू द्या. याउलट एकाने सुचवले, “मास्तर, इसपे बयान लगाओ, सारे मोहल्ले में जाएगा.” त्यालाही मी नाही म्हटले. ते प्रक्षेपण होईल, त्याला परवानगी लागेल, आणि परवानगीशिवाय तसे करणे म्हणजे या मुलांच्या गळ्यात फास टाकणे. आमची पेटी एका घराची, एका टेबलाची आहे. तिची मर्यादा हेच तिचे संरक्षण.

मग करायचे काय?

सरकारला माझी मागणी साधी आहे. मीडियम वेव्हवर शंभर मिलिवॅट आणि तीन मीटर तार, एवढ्या मर्यादेतल्या शैक्षणिक आणि घरगुती पेटीचे नाव घेऊन नियम काढा. तो एका पानाचा असू द्या, मराठीत आणि उर्दूतही छापा, प्रत्येक शाळेत लावा. जिथे मनाई आहे तिथे मनाई लिहा, आम्ही पाळू. पण जिथे मनाई नाही तिथे आम्हाला एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघायला लावू नका. आकाशवाणी मीडियम वेव्हवरून उठून जात असेल, तर त्या रिकाम्या ओसरीचा एक कोपरा शाळेच्या मुलांना देण्यात कोणाचे काय जाते?

शिक्षक मित्रांना सांगणे असे की मुलांना पेटी करू द्या, पण सगळे उघड्यावर करा. मुख्याध्यापकांना लेखी कळवा, सर्किटचा कागद सोबत जोडा, ताकद मोजून लिहा. तार न लावता वेटोळ्यावर काम भागवा. लपवलेल्या गोष्टीचा संशय येतो, मोजून लिहिलेल्या गोष्टीचा येणे कठीण.

आणि मी स्वतः काय करणार? या विषयाचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाला आमच्या पेटीचे मोजमाप पाठवून विचारणार आहे की ही चालते की नाही, हो किंवा नाही, एका ओळीत सांगा. उत्तर काहीही आले तरी ते मी वर्गाच्या भिंतीवर लावीन. ते येईपर्यंत पेटी माझ्या कपाटात बंद राहील. त्या भंगारवाल्याच्या मुलाला मी मागच्या शुक्रवारी नमाजनंतर गाठले आणि अर्ज वाचून दाखवला. त्याने त्यातली माझी एक चूक काढली. मी शक्ती १०० मिलिवॅट लिहिली होती. तो म्हणाला, “सर, वो तो अंदर जाने वाली है. बाहर तो उससे बहोत कम निकलती है. लिखो ना.”

मी ते दुरुस्त केले. मग दप्तरात जपून ठेवलेले ते जुने कार्ड त्याला परत दिले, मराठी आणि उर्दू दोन्ही ओळींचे. पुढच्या प्रदर्शनात तेच लागेल. अर्जाचे उत्तर ‘नाही’ आले तर पेटी बंद ठेवून लागेल, शेजारी सरकारी उत्तराची प्रत असेल. पण त्यावरचा ट्रान्समीटर हा शब्द आता मी खोडणार नाही.

बेटा, तुम दोनों ने कुछ गलत नहीं किया था. गलती तुम्हारे सर की थी.